स्वारगेटचा साउंडट्रॅक

एसटी स्टँडवर मुद्दाम कुणी रेंगाळतं का? कानात सुधीर मोघ्यांची गाणी असतील, तर रेंगाळतं!

पुण्यात पहिल्यांदा काय पाहिलंस, असं कुणालाही विचारा. शनिवारवाडा, एफसी रोड, वैशालीचा डोसा अशी उत्तरं मिळतील. साफ खोटं! सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कोकणातून आलेल्या निम्म्या पुण्यानं सगळ्यात आधी पाहिलेलं असतं ते स्वारगेट. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईनं दिलेली पिशवी आणि कानाशी रिक्षावाल्याचं 'कुठं जायचं?' आपण इथूनच शहरात शिरतो आणि मग दहा वर्षांत एकदाही स्वारगेटला 'बघायला' म्हणून जात नाही. जातो ते फक्त तिथून निघायला.

नावाची गोष्ट अशी सांगतात, की शहराच्या वेशीवर इथे घोडेस्वारांची चौकी असायची, म्हणून स्वारगेट. घोडे गेले, लालपरी आली. शिवशाही आली, शिवनेरी आली. वरून फ्लायओव्हर गेला आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून खालून मेट्रोही सुरू झाली. पण फलाटावरचा 'सातारा-सातारा-सातारा' हा एका श्वासातला गजर तसाच आहे.

गेल्या दीड वर्षात मी या स्टँडवर इतक्या वेळा आणि इतक्या भलत्या वेळी आलेय, की तिथली मांजरंसुद्धा मला ओळखत असतील. कारण बाबा. दर दोन-तीन महिन्यांनी ते डोळ्यांच्या तपासणीसाठी पलूसहून पुण्यात येतात. काचबिंदू. हा आजार कडेकडेनं नजर खात येतो आणि गेलेली नजर परत मिळत नाही. उरलेली थेंब टाकून राखायची, एवढंच हातात असतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा हे 'राखणं' त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. पण तक्रार करणंही बसत नाही. गावाकडे रेल्वे स्टेशन आहे, तरी यांना एसटीच हवी. कराडला उतरायचं, पलूसची गाडी धरायची. 'एसटीत माणसं बोलतात', हे त्यांचं लॉजिक.

तर एका रात्री साडेनऊला आम्ही फलाटावर उभे होतो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी धड चाललेली नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करतेय, हा विषय दोघंही टाळत होतो. डॉक्टर काय म्हणाले, हा विषय तर त्याहून जास्त. इतक्यात बाजूच्या गाडीचा ड्रायव्हर बोनेटवर मोबाईल ठेवून चहा प्यायला लागला आणि मोबाईलवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं.

"सिरियलचं गाणं," मी म्हटलं.

"सिरियल?" बाबा इतक्या जोरात म्हणाले, की ड्रायव्हरनं वळून बघितलं. "अगं, तुझी सिरियल काल-परवाची. हे गाणं एकोणीसशे शहात्तरचं! 'हा खेळ सावल्यांचा'. मी जत्रेत, तंबूत बघितलाय हा सिनेमा. अर्धा. पुढचा अर्धा भीतीनं डोळे झाकून. आणि लिहिलंय कुणी, माहितेय? आपल्या वाडीच्या माणसानं!"

त्यानंतर गाडी सुटेपर्यंत बाबा थांबले नाहीत. वीस मिनिटं. गेल्या वर्षभरात आम्ही सलग इतका वेळ बोललो नव्हतो.

वाडीचा माणूस

'आपली वाडी' म्हणजे किर्लोस्करवाडी. सांगली जिल्ह्यात, पलूसच्या शेजारी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखान्यासाठी वसवलेलं गाव. लोखंडी नांगर बनवणाऱ्या या गावातून 'किर्लोस्कर' मासिकही निघायचं, म्हणजे भट्टीच्या धुरात साहित्याचाही वास होता. ८ फेब्रुवारी १९३९ रोजी सुधीर मोघे याच वाडीत जन्मले. थोरले भाऊ श्रीकांत मोघे, पुलंच्या 'वाऱ्यावरची वरात'मधले देखणे नट. धाकटे पुण्यात आले, इथलेच झाले आणि १५ मार्च २०१४ रोजी पुण्यातच गेले.

हे सगळं मी बाबांना सोडून परतताना रिक्षात, मोबाईलवर वाचलं. आणि मग बसला तो झटका. कारण यादी बघत गेले तसतसं लक्षात आलं, की या माणसाला मी लहानपणापासून ओळखते. फक्त नावानं ओळखत नव्हते! गॅदरिंगमध्ये डोक्यावर टोपली घेऊन नाचलेलं 'गोमू संगतीनं' यांचं. शाळेत प्रार्थनेनंतर म्हटलेलं 'हे जीवन सुंदर आहे' यांचं. आई कणीक मळताना गुणगुणायची ते 'सांज ये गोकुळी' यांचं. आशा भोसले माहीत, हृदयनाथ मंगेशकर माहीत, 'गोमू'वर नाचलेल्या मुलींची नावंही पाठ. आणि ज्यानं ते शब्द लिहिले, तो मात्र गायब.

बॉस, विचार करा, तिकडे अमेरिकेत सत्तरच्या दशकात जेम्स टेलर, कॅरोल किंग अशी मंडळी आली. स्वतः लिहिणार, स्वतः चाल लावणार, स्वतः गाणार, तेही हळू आवाजात, शेजारी बसून बोलल्यासारखं. त्यांना 'सिंगर-साँगरायटर' असं झकास लेबल मिळालं आणि आपण आजही कॅफेत त्यांना ऐकतो. मोघेही लिहायचे, चाली द्यायचे, गायचे. 'कविता पानोपानी' या कार्यक्रमात एकटे रंगमंचावर उभे राहून स्वतःच्या कविता सादर करायचे. पण आपल्याकडे त्या लेबलचा खणच नाही. आपल्याकडे गायक हा स्टार, संगीतकार हा गुरुजी आणि गीतकार म्हणजे कॅसेटच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर.

त्यातून काळही कसा होता बघा. १९७१ चा 'सोंगाड्या', १९७२ चा 'पिंजरा', १९७५ चा 'पांडू हवालदार'. मराठी सिनेमात ढोलकी दणकून वाजत होती. अशा वेळी वसंत जोगळेकरांचा 'हा खेळ सावल्यांचा' आला. आशा काळे, काशिनाथ घाणेकर आणि भुताटकीच्या वळणानं जाणारी गोष्ट. हृदयनाथांचं संगीत, मोघ्यांचे शब्द. 'गोमू'साठी चक्क हेमंतकुमार! म्हणजे बंगालचा मऊ, धुक्यासारखा आवाज कोकणातल्या गोमूला मनवतोय आणि ते कुठेही खटकत नाही. पण 'गोमू' इतकं गाजलं, की त्याच सिनेमातली बाकीची गाणी तिच्या पदराआड गेली. आशाताईंनी गायलेलं काजळरात्रीचं गाणं शोधून ऐका. रात्री, एकट्यानं. माझ्या मते ते 'गोमू'पेक्षा दोन पायऱ्या वर आहे. आणि हे मी गॅदरिंगला 'गोमू'वर नाचून पहिलं बक्षीस मिळवलेल्या मुलीच्या अधिकारानं सांगतेय.

चोवीस तासांचा कवी

सलग ऐकत गेल्यावर एक गंमत कळली. मोघ्यांना वेळेचं वेड असावं. त्यांची गाणी नावांवरूनच लावून बघा. सांज आहे, रात्र आहे, मंद होत जाणाऱ्या तारका आहेत, अंधाराचं जाळं फिटतानाची पहाट आहे. या माणसानं गाण्यांचं घड्याळच करून ठेवलंय. आणि चोवीस तास जागी असणारी पुण्यातली जागा कोणती? बरोबर! तेव्हापासून बाबांची गाडी ज्या वेळेची असेल, त्या वेळेचं गाणं कानात घालून मी स्वारगेटला जायला लागले.

संध्याकाळी सात

जेधे चौकात चारही बाजूंनी गाड्या अंगावर येत असतात. सातारा रोडवरून, शंकरशेट रोडवरून, सारसबागेकडून. आयटीवाले मेट्रोच्या सरकत्या जिन्यानं वर येतात आणि क्षणभर बावचळतात. खाली एसी, चकचकीत फरशी आणि वर एकदम वडापावच्या तेलाचा वास. गणेश कला क्रीडा मंचाच्या बाजूला कुठल्या तरी कार्यक्रमाची गर्दी जमायला लागलेली असते.

अशा वेळी 'सांज ये गोकुळी' लावायचं. 'वजीर' सिनेमातलं, श्रीधर फडक्यांची चाल, आशाताईंचा आवाज. हे सत्तरच्या दशकातलं नाही, नव्वदचं आहे, पण हात तोच. गाण्यात काही घडत नाही. फक्त दिवस मावळतो, घरी परतायची वेळ होते. आणि समोर फलाटावर तेच चाललेलं असतं. शुक्रवार असेल, तर हॉस्टेलची पोरं-पोरी कपड्यांची धुणं भरलेली बॅग घेऊन गावाला निघालेली असतात. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून आज्या, मावश्या, काकू यांचे घोळकेच्या घोळके दिसतात. गोकुळ म्हणजे काय वेगळं असतं?

रात्री अकरा

रात्री स्वारगेटचा आवाज बदलतो. उद्घोषणा विरळ होतात. चौकशीच्या खिडकीशी एकच कुणीतरी उभा असतो आणि त्याला हवी असलेली गाडी नेमकी गेलेली असते. फलाटावर वर्तमानपत्र अंथरून माणसं आडवी होतात, चपला उशाखाली घेऊन. बाहेर कॅबवाले 'मुंबई, मुंबई, एक सीट' म्हणून मागे लागतात. मागे उभ्या करून ठेवलेल्या रिकाम्या गाड्यांच्या सावल्या लांब लांब पडतात.

'रात्रीस खेळ चाले'ची ही वेळ. महेंद्र कपूर यांचा एरवीचा मोठा, खुला आवाज इथे घुमत घुमत येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. पण ऐकत राहिलात तर कळतं, की हे गाणं भुताचं नाहीच. ते सावल्यांचं आहे. जे दिसतं ते असतंच असं नाही आणि जे असतं ते दिसतंच असं नाही. ज्याची नजर कडेनं झिजत चाललीय, अशा माणसाशेजारी बसून हे गाणं ऐकलं की त्याचा अर्थ वेगळाच लागतो. बाबा मात्र हसून म्हणाले, "मला आता अर्धाच सिनेमा दिसतो. तंबूत दिसला होता तेवढाच."

आणि इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, याच स्थानकात उभ्या असलेल्या एका बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. गावी जायला निघालेली, तुमच्या-माझ्यासारखीच मुलगी. सिनेमातल्या भुताची भीती गोड असते, कारण भूत खोटं असतं हे आपल्याला माहीत असतं. त्या पहाटेनंतर रिकाम्या गाड्यांच्या सावल्या मला पूर्वीसारख्या दिसत नाहीत. स्वारगेटवर प्रेम करायचं, तर हेही डोळ्यांआड करून चालणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे सोडायला कोण येतं आणि सोडतं कोण, याचा घोळ झालाय. मी बाबांना गाडीत बसवायला येते आणि बाबा आधी मला रिक्षात बसवायला निघतात. रिक्षाचा नंबर त्यांना वाचता येत नाही. मग ते मला तो मोठ्यानं वाचायला लावतात आणि स्वतः दोनदा म्हणून पाठ करतात. वर्गात पाढे घ्यायचे तसे. रिक्षावाला ऐकत असतो. बाबांना तेच हवं असतं!

पहाटे साडेतीन

एकदा गाडी घाटात बंद पडल्यामुळे बाबा मध्यरात्रीऐवजी पहाटे पोहोचणार होते. मी तीनलाच येऊन बसले. कॅन्टीनबाहेर एक चहावाला, दोन पोलीस आणि शाळेच्या सहलीला निघालेल्या, झोपेत चालणाऱ्या मुलांची एक रांग. स्टँडवर शांतता अशी कधी नसतेच, पण साडेतीनला शांततेच्या जवळपास जाणारं काहीतरी असतं. एखादं इंजिन सुरू होतं, थरथरतं, बंद होतं.

'सखी मंद झाल्या तारका' हे या वेळेचं गाणं. चाल राम फाटकांची. बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनीही गायलंय आणि पंडित भीमसेन जोशींनीही. दोन्ही ऐका. एकच गाणं दोन दिग्गज कसे दोन वाटांनी नेतात, याचा क्रॅश कोर्सच आहे हा. बाबूजी शब्द एकेक करून समोर ठेवतात, दिवा लावल्यासारखे. भीमसेनजींचा आवाज अख्ख्या आभाळाला हात घालतो, पण या गाण्यात तोही किती दबकून! वाट बघणाऱ्याची ती अवस्था असते ना, म्हणजे रात्र सरत आलीय, माणूस अजून आलेलं नाही आणि चिडावं की रडावं कळत नाही, ती या गाण्यात आहे. मोघे इथे एकही अवघड शब्द वापरत नाहीत. आपल्याला कवितेत 'समजलं नाही म्हणजे भारी' असं शिकवलंय. यांचं उलटं आहे. सगळं समजतं आणि तरी पुरत नाही.

पावणेचारला गाडी लागली. बाबा उतरताना पायरी चाचपत होते. कंडक्टरनं न सांगता हात दिला. 'एसटीत माणसं बोलतात' हे खरं आहे. न बोलताही वागतात.

उजाडताना

आणि मग स्वारगेटची माझी सगळ्यात लाडकी वेळ. साडेपाच-सहा. पर्वतीवर उजेड पडायला लागतो. सारसबागेकडे फिरायला निघालेले आजोबा मफलर आवळत स्टँडसमोरून जातात. पीएमपीच्या पहिल्या गाड्या सुटतात. पोह्यांवर शेव पडते. रात्री अंगावर येणारी सगळी जागा एकदम साधी, ओळखीची दिसायला लागते.

'फिटे अंधाराचे जाळे' नावातच सगळं सांगतं. चाल श्रीधर फडक्यांची आणि गातायत आशाताईंसोबत बाबूजी. म्हणजे मुलानं लावलेली चाल बापानं गायलीय. मी हे सांगितलं तेव्हा बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरानं घातलेल्या चालीवर बापानं चालावं, यात कमीपणा नाही." नोकरी सोडल्याचा विषय आमच्यात निघाला तो एवढाच. आणि मिटलाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पोह्यांच्या गाडीवर कळलं.

या गाण्याची एक अडचणही आहे. बाबांचा अंधार फिटणारा नाही. मी हे गाणं त्यांच्यासमोर लावायला बिचकायचे. शेवटी त्यांनीच मागितलं. म्हणाले, "अगं, गाण्यातला उजेड डोळ्यांनी कुठे बघायचा असतो?" मराठीचे मास्तर! वाक्य टाकायची सवय जात नाही.

गीत, संगीत, स्वर

आता शेवटचं. बाबांकडे मोठ्या बटणांचा साधा फोन आहे. त्यात घालायला मी एका मेमरी कार्डवर मोघ्यांची गाणी भरून दिली. पंधरा दिवसांनी फोन आला. "गाणी उत्तम आहेत. पण कोणतं कुणाचं, कसं कळणार? रेडिओवर आधी नावं सांगायचे."

खरंच की! आकाशवाणीवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं यायची. बाबांना मोघे माहीत होते ते त्यामुळेच. आपल्या ॲपवर आधी दिसतो तो गायक. मग सिनेमा. गीतकाराचं नाव कुठेतरी तीन टिंबांच्या आत. आणि ज्याला स्क्रीनच वाचता येत नाही, त्याला तर तेही नाही. सत्तर सालातली गाणी विस्मरणात जातात ती अशी. कुणी ठरवून विसरत नाही. नाव घेणं फक्त थांबतं.

मास कॉमच्या कोर्समध्ये 'व्हॉइस' नावाचा एक विषय होता. त्याचा आजवर एक रुपयाचाही उपयोग झाला नव्हता. एका रविवारी पंख्याचं बटण बंद करून, अंगावर गोधडी घेऊन मी मोबाईलवर निवेदन रेकॉर्ड केलं. प्रत्येक गाण्याआधी दहा सेकंद. गीत सुधीर मोघे, संगीत अमुक, स्वर तमुक. नवं कार्ड बाबांना स्वारगेटलाच दिलं. गाडीची पाटी मी वाचून दाखवली, खिडकीची जागा मिळवली, रिक्षाचा नंबर पाठ करून घेतला.

मी घरी पोहोचून झोपायच्या तयारीत होते, तेव्हा फोन वाजला. गाडी खंबाटकी घाटात होती. मागे इंजिनचा आवाज, कुणाचं तरी घोरणं.

"ऐकलं का?" मी विचारलं.

"ऐकलं. निवेदिका बरी आहे." मग जरा थांबून, "फक्त 'हृदयनाथ' मधला 'हृ' नीट म्हण. 'रुदयनाथ' ऐकू येतं. पुढच्या वेळी दुरुस्त करून आण."

पुढची तारीख जानेवारीतली आहे. गाडी पहाटेची. मी 'हृ' घोटतेय.

स्वारगेट प्लेलिस्ट

संध्याकाळ: सांज ये गोकुळी (श्रीधर फडके, आशा भोसले). मेट्रोतून वर येताना.

रात्र: रात्रीस खेळ चाले (हृदयनाथ मंगेशकर, महेंद्र कपूर). फलाटावर, पण सोबत कुणीतरी असताना.

उत्तररात्र: सखी मंद झाल्या तारका (राम फाटक, सुधीर फडके आणि पं. भीमसेन जोशी). कुणाची तरी वाट बघताना.

पहाट: फिटे अंधाराचे जाळे (श्रीधर फडके, सुधीर फडके आणि आशा भोसले). पोह्यांच्या प्लेटसोबत.

सगळ्यांचे शब्द: सुधीर मोघे. ऐकताना एकदा नाव मोठ्यानं घ्या.